कोणतं जेवण धंद्याचं?

आमच्या गल्लीत मध्यंतरी बातमी फुटली की शिलाई मशीन दुरुस्त करणारा बॉबिन रोज दुपारी नव्या बाईबरोबर जेवतो. इतकी चविष्ट बातमी खरी निघती तर मजा आली असती. पण त्या बायका म्हणजे शिवणकाम करणारी गिऱ्हाइकं, आणि जेवण म्हणजे आयकराची भानगड.

बॉबिनचं घर आणि हिशेब, दोन्ही थोरल्या बहिणीच्या हातात. हा तेलकट हात पुसत यायचा तेव्हा ताटही वाढलेलं आणि कराचं विवरणही भरलेलं. आणि या ताईनं पंचावन्नाव्या वर्षी एका निवृत्त दंतवैद्याशी लग्न केलं नि गेली परगावी! आम्ही पोट धरून हसलो. बॉबिननं मशीनखाली डोकं घातलं ते वर काढलंच नाही.

विवरणाचे दिवस आले. वजावटीला कोणता खर्च धरायचा? न्हावी म्हणाला, "सगळाच दाखवा, कोण बघतंय!" मोबाईलवरच्या व्हिडिओतला एक टायवाला म्हणाला, बूटसुद्धा चालतात. ताईला फोन केला तर म्हणाली, "अंदाजपंचे नको रे, नियम बदललेत. कचेरीत जाऊन विचार."

कर कचेरीच्या चौकशी-खिडकीतल्या बाईंनी मात्र नियम काढून समोर ठेवला. सुटे भाग, हत्यारं, गिऱ्हाइकाकडे जायचं भाडं, सगळं चालेल. मग यानं विचारलं, "आणि दुपारचं जेवण? कामातच असतो मी."

"एकटे जेवता?"

"हो. आता एकटाच."

"मग तो तुमचा खासगी खर्च. गिऱ्हाइकाशी कामाचं बोलत जेवलात, तर धंद्याचा. तोही अर्धाच. बिलामागे लिहायचं, कोण होतं, काय बोललात."

हे मला त्यानं पुन्हापुन्हा सांगितलं. "एकटाच"पाशी दरवेळी खाकरायचा.

मग गिऱ्हाइकांना बोलावणी सुटली. कोपऱ्यावरच्या खाणावळीत बाई यायची, भराभर चार घास खायची आणि म्हणायची, "दादा, दोरा का तुटतो तेवढं सांगा, मला बटणं लावायचीत." हा दोऱ्याचा ताण, सुईचा नंबर, पट्ट्याची ओढ असं लांबवत न्यायचा. तरी ती उठायचीच. मग हा समोरच्या उष्ट्या ताटाकडे बघत सावकाश जेवायचा. काचेतून दिसायचं मला. आत जाऊन थट्टा करावी असं, का कोण जाणे, वाटायचं नाही.

पुढे कामं मंदावली. एका दुपारी कोणीच येईना, तेव्हा त्यानं खाणावळीच्या दारातूनच मला हाक मारली, "काय रे, तुझ्याकडे शिलाई मशीन आहे का?"

"बटण तुटलं तर पिन लावतो मी."

"बरं, मग नुसताच ये."

गेलो. दंतवैद्याचं घोरणं झालं, माझ्या सासूबाईंचे टोमणे झाले, त्याचा गुडघा झाला. ताटातलं वाळून गेलं तरी आम्ही बसलेलो. मशीनचं नावसुद्धा निघालं नाही. बिल आलं. त्यानं ते सवयीनं उलटं केलं, पेन उघडलं आणि थांबला.

"लिही की!" मी म्हणालो. "होऊ घातलेलं गिऱ्हाईक, मशीन घ्यायच्या विचारात. अर्धे सुटतील, बॉबिनशेठ!"

त्यानं पेनाला टोपण लावलं.

"गप रे. कित्येक दिवसांनी एक जेवण माझं झालंय. त्यातलं अर्धं धंद्याला कशाला देऊ?"