तेलाचा काटा

माझे धाकटे दीर, दत्तूभाऊजी, तापानं गेले. तार मिळाली तशी मुंबईहून हाती लागेल त्या लाँचनं रेवसला उतरून मी चौलच्या घरी पोचले, तर ओटी समाचाराला आलेल्या माणसांनी भरलेली. जो तो हळहळत होता, आणि हळहळून झालं की म्हणत होता, "देवमाणूस हो... पण भित्रा भारी!" मेल्या माणसालाही गाव सोडत नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिथं काय बोलणार? आज महिना होत आला, म्हणून लिहिते.

भित्रे होते, ते खरंच. नारळाच्या वाडीत जन्मले, पण माडावर कधी चढले नाहीत. लाँच जरा डुलली की डोळे मिटून रामरक्षा. अशा माणसानं भाड्याची मोटर घ्यावी, हेच नवल! चौल ते अलिबाग उतारू न्यायचे, तेही इतक्या हळू की बैलगाडीवाले हसायचे. समोर काचेआड एक काटा होता, इंजिनात तेल फिरतंय की नाही ते दाखवणारा. काटा पडला म्हणजे तेल नाही, आणि तेल नाही म्हणजे लोखंडावर लोखंड घासून इंजिन वाटेतच आवळून बसणार. भाऊजींचा निम्मा जीव त्या काट्यात. जुना पंप थकला, काटा लटपटायला लागला, तसा त्यांनी मुंबईहून मोठा, जास्त तेल ओढणारा पंप आणवला.

पौषातले दिवस होते. माझं पहिलं बाळंतपण, आणि आमचे हे मुंबईला. भाऊजी दिवसभर मोटरीखाली आडवे. मिस्त्रीनं बजावलं होतं, पंप कोरडा फिरवू नका, आधी तेलानं भरा. आता बाजारचं काळं तेल यांना वाटलं मळकट. नव्या पंपाला चांगलं तेच द्यावं म्हणून आमच्या घाण्याचं खोबरेल ओतलं त्यात! हँडल मारलं, काटा टुणकन वर. खूश होऊन देवापुढे साखर ठेवली.

त्याच रात्री, रात्रभर मी कळा दिल्या. उजाडल्यावर सुईण बाहेर आली आणि सासूबाईंना म्हणाली, "माझ्या हातातलं नाय आता. मूल आडवं हाय. अलिबागला न्या, नायतर दोगंबी जातील." मी सगळं ऐकलं.

बाहेर इंजिन घरघरलं आणि भाऊजींनी लगेच बंद केलं. काटा हलला नव्हता. इतक्यात भाऊजींना फळीवरची खोबरेलाची बाटली दिसली. थंडीनं गोठून पांढरीशुभ्र. "आई गं! पंपातही गोठलं!" म्हणत ते न्हाणीघरात धावले आणि माझ्यासाठी तापवलेलं पाणी बादल्या भरभरून इंजिनाच्या पोटावर ओतायला लागले.

"दत्त्या, मेल्या, बाळंतिणीचं पाणी ते!"

"तिच्यासाठीच ओततोय, आई!"

मला मागच्या सीटवर निजवलं, डोकं सासूबाईंच्या मांडीवर. मोटर निघाली. मला वर माडांचे शेंडे तेवढे दिसत होते. मी ओरडले, "भाऊजी, काटा?"

"चढला, वयनी! मस्त चढलाय!"

नागाव आलं, कळ आली, पुन्हा विचारलं. "चढलेलाच हाय! तुम्ही नुसतं रामाचं नाव घ्या." इतकी घाबरले होते मी, की तो आवाज थांबला तर मीही थांबेन असं वाटत होतं. मोटर जरा आचके द्यायला लागली की पुढून आवाज यायचा, "काही नाय, वयनी, काटा वर हाय..." आयुष्यात कधी एवढी वेगात चालवली नसेल त्यांनी.

दवाखान्याच्या दारात मला उचललं. पुन्हा चालू होईल न होईल म्हणून भाऊजींनी इंजिन चालूच ठेवलं होतं. उचलताना माझी नजर पुढे गेली. काटा शून्यावर होता. अगदी तळाशी, निपचित. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

मुलगी झाली, मी वाचले. मागाहून मिस्त्रीनं उघडून पाहिलं तेव्हा कळलं, पंप गरम पाण्यानं मोकळा झाला होता, तेल नीट फिरत होतं. काट्याकडे जाणारी बारीक नळी मात्र खोबरेलानं गच्च बसली होती. पण वाटेत हे त्या माणसाला कुठं ठाऊक होतं! त्यांच्या लेखी पुढच्या वळणावर सगळं संपणार होतं. काटा मी पाहिला, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना आवडलं नसतं.

तेराव्यानंतर त्यांची बायको, आमची गोदू, मोटरीच्या पडवीत सीट पुसत बसली होती. मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. तिनं फडकं खाली ठेवलं.

"मला ठाऊक होतं, वयनी," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी आले ते हातात काही धड धरवेना. ताटातला घास तोंडापर्यंत जाईना. दोन दिवस मी भरवत होते त्यांना."