बिनविरोध नको

कात्रजच्या आमच्या सोसायटीत सेक्रेटरी नेहमी बिनविरोध निवडला जायचा आणि त्याचा सगळ्यांना फार अभिमान होता. दुसऱ्या कुणी अर्ज दिला, की अध्यक्षकाका संध्याकाळी त्याच्या घरी चहाला जात. ते उठेपर्यंत त्या माणसाचा विचार बदललेला असे.

मला ते पटत नसे. मी नुकताच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो. खिशात पगार होता आणि डोक्यात समाजसुधारणा. ऑफिसातले आम्ही काही जण रविवारी पेठांमधून दारोदार फिरून मतदान करा म्हणून सांगत असू. नारायण पेठेतल्या एका आजोबांनी दार अर्धवट उघडून विचारलं होतं, "आपण स्वतः केलंय का कधी?" केलं होतं, पण उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत.

त्या वर्षी सेक्रेटरीपदासाठी माझं नाव पुढे आलं आणि मागच्या इमारतीतल्या एका ताईंनीही अर्ज दिला. ताई अमरावतीकडच्या, शाळेत शिक्षिका. त्यांचं मागणं एकच होतं. पंपाचं पाणी आधी पुढच्या इमारतीला मिळायचं, मागच्या टाकीत उरलंसुरलं पडायचं आणि त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर तेही पोचत नसे. पाणी दोन्ही इमारतींना सारखं सोडावं, एवढंच. मी पुढच्या इमारतीत राहत होतो. आमच्या बादल्या भरून वाहायच्या, त्याची मला टोचणी होती. पण म्हणून मी आंघोळीचं पाणी कमी केलं, असं काही झालं नाही.

काका चहाला निघालेच होते. मी त्यांना अडवलं आणि या वेळी बिनविरोध नको, मतदान होऊ द्या, असा हट्ट धरला.

"लोकशाही चपलेसारखी दाराबाहेर ठेवावी हो," ते म्हणाले. "घरात आणली की घाण होते."

पण शेवटी कंटाळून त्यांनी होकार दिला.

पार्किंगमध्ये मतदान झालं. मतपेटी म्हणून कुणीतरी पोळ्यांचा डबा आणला. एरवी बैठकीकडे न फिरकणारी माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली, सुना सासूंना धरून घेऊन आल्या. मला अगदी भरून आलं. मग कोरी चिठ्ठी माझ्या हातात आली. ताईंचं म्हणणं रास्त आहे, हे मला माहीत होतं, त्यांच्या तोंडावर मी तसं बोललोही होतो. पण हरलो तर काका काय म्हणतील, ऑफिसात काय सांगायचं, आणि खरं सांगायचं तर सकाळच्या पाण्याचं काय, हे सगळं त्या क्षणी सुचलं. हात आडवा धरून मी माझंच नाव लिहिलं.

मी एका मताने निवडून आलो.

पेढे वाटून झाल्यावर ताई खालच्या नळावर कळशी भरताना दिसल्या. त्यांची समजूत घालावी म्हणून मी जवळ गेलो आणि पुढच्या वर्षी नक्की, असं काहीबाही बोललो.

"हरल्याचं काही नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी हातात आली अन् मले लाजच वाटली. आपलंच नाव आपण कसं लिहावं? तुमचं लिहिलं मी."

हिशोब उभ्या उभ्या झाला. माझं एक कमी, त्यांचं एक जास्त. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं असतं, तर सेक्रेटरी त्या झाल्या असत्या. शरमेने माझे कान तापले. काकांना हाक मारावी, मतदान पुन्हा घ्या म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं.

"अन् तुम्ही कोणाले देलं?" त्यांनी सहज विचारलं.

"मत गुप्त असतं, ताई," मी म्हणालो.

"हो, तेही खरं हाय," म्हणत त्यांनी मान डोलावली, भरलेली कळशी कमरेवर घेतली आणि जिना चढायला लागल्या.