टॉवेल आत घ्या, व्ह्यू बिघडतो

मंडळी, आत्ताच नंदीच्या डोंगराच्या पायथ्याहून चामराजपेटेत घरी पोचलो आणि चहाच्या आधी हा मेल लिहितोय. डोकंच फिरलंय.

आईला घेऊन द्राक्षमळ्यातल्या एका महागड्या ‘पर्यावरणस्नेही’ हॉटेलात राहिलो होतो. न्हाणीघरात पाटी होती, ‘टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा.’ आई खूश. सकाळी अंघोळ झाल्यावर तिने टॉवेल घट्ट पिळून बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घातला.

लगेच मॅनेजर हजर. “अम्मा, टॉवेल स्वल्प, म्हणजे जरा, आत घ्या. मळ्याचा व्ह्यू बिघडतो. आम्ही मशीनमध्ये वाळवून देतो.”

“मग हे ऊन काय नुसतं फोटोला ठेवलंय?” आईने विचारलं.

टॉवेल मशीनमध्ये गेलाच. बाहेर ऊन रिकामं बसून राहिलं.

तुमच्या बाल्कनीतली दोरी अजून शाबूत आहे ना?