लोणच्याचा हात आणि बाळंतिणीचा हात

मुंबईत आले तेव्हा मला एकही काम धड येत नव्हतं, आणि म्हणूनच मी कुठल्याही कामाला नाही म्हणत नसे. मराठी दुसरी अर्धी टाकून लग्न झालेलं. गाव मालवणच्याही खाली. नवरा एका व्यापाऱ्याबरोबर आगबोटीने आफ्रिकेकडे गेला तो गेलाच. कपाळाला कुंकू होतं, घरात माणूस नव्हतं. गावाहून कुणी आलं की त्याच्याबरोबर दिराचा निरोप असायचा : परत ये, इथे काय कमी आहे? कमी काहीच नव्हतं. गोठा होता, शेण होतं, जावेची मुलं होती. एकदा तिथे गेले की पुन्हा बाहेर पडणं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. गिरगावातला खोलीचा कोपरा आपल्या कमाईवर टिकवायचा, त्या वर्षांत मला दुसरं काही सुचत नसे. मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, यायच्या आधीची ही गोष्ट.

खोली एका मालवणी म्हातारीची. ती भायखळ्याच्या बाजारात सुके बोंबील विकायची. मी तिला आये म्हणायची. पहिलं काम दिलं ते समोरच्या चाळीतल्या काकींनी. त्यांचे यजमान कचेरीत कारकून. घर आमच्याच जातीतलं, म्हणून स्वयंपाकघरात मला मज्जाव नव्हता. पापडाची लाटी केवढी घ्यायची, कुरडईचा चीक कधी उतरवायचा, हे त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. त्यांच्या शब्दावर मला पुढची घरं मिळाली. ते उपकार मी कधी विसरले नाही.

पण पापड-लोणची उन्हाळ्यात, फराळ दिवाळीत. मधले महिने पोट थांबत नाही. मग मी गोधड्या शिवायची, मेतकूट दळायची, आजाऱ्यापाशी बसायची, आणि बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायची. ते तेवढं आईला करताना पाहून आले होते. नळावर बायका म्हणत, "हिला विचारा, ही सगळं करते." मला तो मान वाटायचा. एक शेजारीण मात्र घागर उचलता उचलता म्हणाली होती, "सगळं म्हणजे सगळं हो. उद्या तिरडी बांधायला बोलावलं तरी येईल, फक्त आदल्या दिवशी सांगायला हवं."

त्या वैशाखात आमच्याच चाळीत एक पहिलटकरीण बाळंत झाली. तिला आई नव्हती, सासू नव्हती. नवरा परळच्या गिरणीत फिटर, भोंग्याला जायचा तो दिवेलागणीला यायचा. मी पहाटे तिच्याकडे जाऊन दोघांना तेल लावायची, न्हाऊ घालायची, शेक-धुरी करायची. मग नळावर डोक्यावरून पाणी घ्यायचं, दुसरं लुगडं नेसायचं आणि काकींकडे कैऱ्या चिरायला जायचं. पाणी पडलं की विटाळ गेला, अशी माझी समजूत. बाळंतिणीचे दहा दिवस सरलेले नव्हते, हे माझ्या मनातही आलं नाही.

पावसाळा सुरू झाला आणि काकींच्या लोणच्यावर बुरशी धरली. नळावरच्या त्याच शेजारणीने मी सकाळी कुठे असायची ते त्यांच्या कानावर घातलं.

काकींनी बोलावून बरणी माझ्यापुढे ठेवली. "हात कुठे घालून आली होतीस गं?"

"काकी, डोक्यावरून पाणी घेतलं होतं."

"पाणी काय घेऊन बसलीस! समुद्रात बुडी मारून आली असतीस तरी दहा दिवस सरले होते का?"

कैऱ्या ओल्या राहिल्या असतील, तेल कमी पडलं असेल. मला आजही माहीत नाही. तेव्हा मात्र माझ्याच हाताने बिघडलं असं मला वाटलं. गोष्ट गल्लीत फिरली. एकेका घरून निरोप यायला लागले, "श्रावणातलं आम्ही आमचं बघू." त्याच सुमाराला गावचा एक माणूस दिराचा निरोप घेऊन आला. या खेपेला निरोपाबरोबर परतीच्या प्रवासाची सोयही होती.

काकी दुष्ट नव्हत्या. त्यांनी मला पुन्हा बोलावलं. "मी सांगीन सगळ्यांना तुझ्यासाठी. श्रावणापासून आमच्याकडे दोन्ही वेळा स्वयंपाकाला ये. पण बाळंतिणींकडे पाऊल टाकायचं नाही. एक काय ते ठरव."

तिथल्या तिथे हो म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं, "उद्या सांगते."

आये बोंबील निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं.

"मगे रडतंस कित्याक?" ती म्हणाली. "काकी सांगता ता खरांच. एकच काय ता धर."

"म्हणजे काकींकडेच जाऊ?"

"तसा खंय सांगलंय? आंबे वरसातून एकदा येतत गो. पोरां बारा म्हयने येतत."

ती पोरकी बाळंतीण बघवेना म्हणून मी ठरवलं, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. तसं झालं नाही. मी मनाशी एवढंच बघितलं, की काकींकडे गेले तर मी एका घरची होणार. त्यांच्या यजमानांची बदली झाली किंवा काकींचं मन फिरलं, की माझी वाट पुन्हा दिराच्या गोठ्याकडे. बाळंतिणी मात्र गिरगावात होत्या, लालबाग-परळच्या गिरणीवाल्यांच्या चाळींत तर खोलीआड एक. सगळं करणाऱ्या बाईला लोक अडीअडचणीला बोलावतात. एकच काम करणारीसाठी सातव्या महिन्यापासून सांगून ठेवतात. पण ते धरलं की स्वयंपाकघरं गेली, आणि त्यांबरोबर ज्या घराने मला उभं केलं ते घरही. दोन्ही धरून ठेवता येईल अशी वाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकींच्या दाराशी गेले. म्हटलं, "काकी, मी न्हाऊ घालायचं काम धरते. तुमचे उपकार आहेत, पण—"

त्यांच्या हातात सूप होतं. त्या पाखडायच्या थांबल्या.

"ठरलं तुझं?"

"हो."

"मग नीट ऐक. आमच्या थोरलीचे दिवस भाद्रपदात भरतात. ती इथेच येणार आहे. तेव्हाचा शब्द दुसऱ्या कुणाला देऊन बसू नकोस."

मी मान हलवली. काकी पुन्हा पाखडायला लागल्या. एरवी मी आलेली दिसली की त्या सूप माझ्याकडे सरकवायच्या आणि स्वतः चुलीकडे वळायच्या. आज त्यांनी ते सरकवलं नाही, आणि मीही उंबरा ओलांडला नाही. मी जिना उतरले आणि दिराला 'येत नाही' म्हणून सांगायला गावच्या माणसाकडे गेले.