पाठवणीला वाजलेली दुसरी ओळ

भूतबित, आत्माबित्मा यातलं काहीही मी मानत नाही. हे वाचून झाल्यावरही मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पण जे घडलं ते घडलं, आणि ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं असं मी ठरवलंय.

मी कड्याचा. आष्टी तालुक्यातलं कडा. सव्वीस वर्षं बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो, त्यातली बारा स्वतःच्या बँडमध्ये. लोक मास्तर म्हणतात. लग्नातल्या पाठवणीला लोकांना रडवणं हा माझा धंदा आहे, आणि ते कसं रडवायचं हे मला पक्कं माहीत आहे. ढोल थांबवायचा, लय अर्धी करायची, खालच्या सुरावर जरा जास्त रेंगाळायचं... की मांडवातल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागलेच म्हणून समजा. त्यात जादू काही नाही. प्रत्येकाच्या मनात कुणीतरी गेलेलं असतं, सूर फक्त त्याला हलवतो. सगळा मांडव हुंदके देत असताना मी डोक्यात पुढच्या बुकिंगचा विचार करत वाजवलेलं आहे. म्हणजे मी किती कोरडा माणूस आहे ते लक्षात घ्या.

गेल्या उन्हाळ्यात सुवर्णा नावाची मुलगी तिच्या आत्याला घेऊन माझ्याकडं आली. कड्यापासून सात-आठ किलोमीटरवर टेकडीच्या पायथ्याला त्यांची मेंढपाळांची वस्ती आहे. बुकिंगचं सगळं आत्याच बोलत होती. ठरल्यावर सुवर्णा एकदम म्हणाली, "मास्तरकाका, पाठवणीला मला माझ्या आईचं गाणं पायजे."

आई ती सहा वर्षांची असताना वारलेली. गाणं म्हणजे काय, तर आठवणारी एक ओळ. "परक्याचं गं बाई, परक्याचं..." एवढंच. चाल मात्र तिनं गुणगुणून दाखवली, आणि माझ्या कानानं ती तिथंच उचलली. लग्नाच्या गाण्यात 'परकं' हा शब्द आला की ते पाठवणीचंच, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी म्हटलं, "पाठवणीचं जुनं गाणं दिसतंय. पुढचं कुणाला येतंय का बघतो."

"न्हाई मिळालं तर?"

"वाजवतो म्हणलं म्हणजे वाजवतो," मी म्हणालो.

त्यानंतर मी खरंच पिच्छा पुरवला. कड्यातल्या जुन्या गाणाऱ्या बायकांकडं गेलो, दोन वस्त्या पालथ्या घातल्या. ही चाल कुणालाच माहीत नव्हती. शेवटी सुवर्णाच्या वडिलांकडं, गेनबांकडं गेलो. ते मेंढरांना पाणी दाखवत होते.

"तुमच्या मालकिणीचं गाणं हो. पुढं काय होतं?"

त्यांनी मान फिरवली. "मला काय ठावं? इतकं जुनं कोण ध्यानात ठिवतंय?"

माणूस खोटं बोलतोय हे मला कळलं. पण का बोलतोय ते कळेना. मग मी ठरवलं, एक ओळ तर एक ओळ. तीच तीनदा वाजवायची आणि आमच्या नेहमीच्या पाठवणीच्या धूनवर उतरायचं. पोरीला शब्द दिला होता.

लग्नाच्या दिवशी वस्तीवर मला दुसरीच एक गोष्ट कळली. नवऱ्या मुलाची आई पारूबाई, वडवणीची. तिला आपल्या भावाची मुलगी सून करून घ्यायची होती, मुलानं ऐकलं नाही. लग्न ठरल्यापासून ती सुवर्णाशी एक शब्द बोललेली नव्हती. हळदीला आली नाही. लग्नात मागच्या रांगेत बसली आणि अक्षता टाकून झाल्यावर थेट जीपमध्ये जाऊन बसली.

आमच्याकडं पाठवणीआधी मुलीला सासूच्या ओटीत घालतात. आईनं लेकीला सासूच्या मांडीवर बसवायचं आणि म्हणायचं, आजपासून ही तुमची. इथं आई नव्हती, म्हणून ते आत्याकडं आलं. आणि सासू जीपमधून उतरायला तयार नाही! साडेचार वाजले होते. वडवणीचा पल्ला लांबचा, पावणे घड्याळ बघायला लागले. आत्या जीपजवळ जाऊन दोनदा हात जोडून आली.

"बसवा गाडीत तशीच. मला ओटीत बिटीत काय घ्यायचं न्हाई," पारूबाई आतूनच म्हणाली. एवढ्या जोरात, की सगळ्यांना ऐकू गेलं.

सुवर्णा मांडवाच्या तोंडाशी उभी होती. रडत नव्हती. तिचा चेहरा बघून मला पहिल्यांदाच वाजवायची भीती वाटली. अशा घरात पोरगी नांदायची कशी? ओटीत न घेतलेली सून म्हणून जन्मभर ऐकावं लागणार होतं. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. वाजवा.

मी ढोल थांबवला. डीजेची पेटी जेवणावळी संपल्यावरच बंद झाली होती, जनरेटरही बंद. मी ती ओळ वाजवली. परक्याचं गं बाई, परक्याचं. पुन्हा वाजवली. आणि तिसऱ्यांदा निम्म्यात माझी फुंकच तुटली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! परत लागेना. मी क्लॅरोनेट खाली घेतलं.

आणि पुढची ओळ ऐकू आली.

सूर क्लॅरोनेटचाच वाटला मला, जरा बसका. चढत गेला, मग हळूच खाली येऊन थांबला... परत चढला. मला वाटलं, आपला बाबूमामू सावरून घेतोय. बाबूमामू म्हणजे माझ्या बँडमधला दुसरा क्लॅरोनेटवाला, माझ्याहून वयानं मोठा. मी मनातल्या मनात त्याचे पाय धरले. मांडवात एकाचाही डोळा कोरडा नव्हता, आणि मी स्वतः रडत होतो हे सांगायला मला लाज वाटत नाही.

जीपचं दार उघडलं. पारूबाई उतरली. तिच्या पायात चपलासुद्धा नव्हत्या. ती सरळ चालत आली, मांडवाच्या तोंडाशी मातीतच मांडी घालून बसली आणि सुवर्णाचा हात धरून तिला मांडीवर ओढलं. नऊवारीतली दांडगी बाई ती, एवढ्या उंच पोरीला कुशीत घेऊन मोठ्यानं म्हणाली, "घेतली गं बाई. घेतली. घेतली."

तेव्हा वाटलं, आत्याला उद्देशून म्हणतेय.

जीप गेल्यावर मी बाबूमामूच्या पाठीवर थाप मारली. "मामू, कुठं शिकलास दुसरी ओळ? मला सांगितलं न्हाईस."

तो टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला, "क्या बोलरा मास्टर? मेरे कू लगा तूच बजारा."

तेवढ्यात गेनबा आले. माझा दंड धरून म्हणाले, "कुणी सांगितलं तुमाला ते गाणं? म्या तर सांगितलं न्हवतं."

"कुणी नाही. तुम्हीच सांगा आता."

मग म्हाताऱ्यानं सांगितलं. ते पाठवणीचं गाणं नव्हतंच. एखादी मेंढी विताना मेली की तिचं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावावं लागतं. ती परकं म्हणून हुंगते आणि लाथाडते. सुवर्णाची आई अशा मेंढीला मांडीत दाबून बसायची, कोकरू तिच्या कासेला लावायची आणि हे गाणं म्हणायची. परक्याचं गं बाई, परक्याचं. माय न्हाई त्याला, तू घे, आपलं म्हनून घे. गाणं तिनंच जुळवलेलं. वस्तीवर दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

"मंग मला कावून सांगितलं नाही, गेनबा?"

"मेंढराचं गाणं पोरीच्या लग्नात? पावणे हसले असते, मास्तर." आणि मग ते म्हणाले, "मदी ती थांबायची बगा. मेंढीनं मान फिरवली की जिभेनं टक टक करून तिला वळवायची, आन् पुन्हा म्हणायची. आत्ता बी तसंच थांबली."

थांबली. वाजवणारा मी होतो असं समजून आलेला माणूस 'थांबली' म्हणाला.

आता माझा स्वभाव असा, की गोष्ट कळल्याशिवाय मी सोडत नाही. चार दिवसांत व्हिडिओवाल्याकडून सगळं शूटिंग आणलं. तो तुकडा शंभरदा बघितला असेल. एका ठिकाणी आम्ही दोघं स्वच्छ दिसतो. माझं क्लॅरोनेट मांडीपाशी लोंबतंय, बाबूमामू टॉवेलनं तोंड पुसतोय, आणि चाल सुरू आहे. चढून खाली आल्यावर सूर थांबतो तिथं दोनदा आवाज येतो, टक टक. आधी वाटलं, क्लॅरोनेटच्या चाव्यांचा असेल. माझ्या सगळ्या चाव्या वाजवून बघितल्या, तसा आवाज एकीचाही येत नाही. कुणाचा मोबाइल म्हणावं, तर ती चाल मोबाइलमध्ये येणार कुठून? टेकडीवरून घुमला असेल म्हणून दोनदा दुपारी तिथं जाऊन त्याच जागेवर वाजवून आलो. बाबूमामू म्हणाला, "छोड बे, पागल होगा." मी सोडलं नाही. टेकडीनं मी वाजवलेलंच परत दिलं. न वाजवलेलं तिच्याकडं नव्हतं.

शेवटी एकच माणूस विचारायचा राहिला होता. दिवाळीनंतर वडवणीला नात्यातल्या एका लग्नाला एकटाच गेलतो, तेव्हा पारूबाईच्या घरी गेलो. सुवर्णानं चहा आणला. अंगानं भरली होती, हसत होती. पारूबाई तिला "ए माझे बाय" म्हणून हाक मारत होती. सुवर्णा आत गेल्यावर मी सरळ विचारलं, "आक्का, त्या दिवशी घेतली, घेतली म्हणालात. कुणाला?"

"गाणारीला की."

"गाणं कुणी म्हणत नव्हतं. क्लॅरोनेट होतं ते."

पारूबाईनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मलाच कळत नाही. "मास्तर, मी आयकलं न्हाई व्हय? बाई लई इनवण्या करायली होती. माय न्हाई त्याला, तू घे, आपलं म्हनून घे. किती येळ नको म्हणावं माणसानं?"

गेनबांनी ते शब्द मला सांगितले तेव्हा जीप कधीच गेली होती. मी ते कुणाजवळ बोललो नव्हतो. बाबूमामूशिवाय तिथं दुसरं कुणी नव्हतं आणि तो कधी वडवणीला गेलेला नाही. गेनबांना मी परत जाऊन विचारलं. लाजेपायी त्यांनी लेकीलासुद्धा सांगितलेले नव्हते. व्हिडिओत तर नुसती चाल आहे, शब्द नाहीतच.

म्हणजे तीनशे माणसांनी चाल ऐकली, आणि शब्द ऐकले ते फक्त जिच्यासाठी होते तिनं. हे कसं झालं याचं उत्तर माझ्याकडं नाही. कुणाकडं असेल तर जरूर कळवा, मी ताडून बघेन. भूत म्हणू नका, ते मी मानणार नाही.

मी उठलो तेव्हा पारूबाई दारापर्यंत सोडायला आली. आतल्या बाजूला एकदा बघून हळू आवाजात म्हणाली, "तुमाला ती गाणारी कुठं भेटली तर सांगा, मास्तर. म्हणावं, पोरगी सुखात हाय. आता इनवण्या करू नको."

मी सांगतो म्हणालो.