मिस ओझेलांची चार कडवी

आमच्या टिलमन गावात बर्फाच्या आधी बर्फाची अफवा पडते, आणि अफवा पडली की दुकानातला ब्रेड संपतो. घरात दूध, अंडी आणि ब्रेड नसेल तर बर्फ माणसाला गिळून टाकतो, अशी अलाबामात सगळ्यांची खात्री आहे. मागच्या वर्षी बर्फ आलाच नाही. आठवडाभर गाव अंड्यात बुडवून तळलेला ब्रेड खात राहिलं, आणि दर घासाला मिस ओझेला ग्रिग्जचं नाव घेत राहिलं.

कारण शाळा त्यांच्या शब्दावर बंद झाली होती. आणि त्या दिवशी असं झकास ऊन पडलं, की पोरं अर्ध्या चड्डीत मासे धरायला गेली.

मिस ओझेला चौदा नंबरची शाळेची बस चालवतात. एकतीस वर्षं झाली. मला पहिलीपासून बारावीपर्यंत त्यांनीच नेलं-आणलं, पण खिडकीची जागा एकदाही दिली नाही, कारण पहिलीत मी खिडकीतून सँडविच फेकलं होतं. आता मी त्याच शाळेच्या ऑफिसात फोन उचलतो. तरी बसमध्ये चढलो तर त्या अजून आधी माझ्या हाताकडे बघतात.

आमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी नाही. नऊपैकी सहा बसना हॅचर ओढ्यावरचा पूल ओलांडावा लागतो, आणि रस्त्याच्या आधी पूल गोठतो. म्हणून थंडी वाढली की मिस ओझेला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी घेऊन पुलावर जातात, कठड्याजवळ ते ओततात आणि चर्चमधलं एक गाणं म्हणतात. चार कडवी. चौथं संपायच्या आत पाण्यावर साय धरली, तर शाळा बंद. एकोणतीस हिवाळे हा हिशेब चुकला नाही, कारण शेजारी त्यांचे यजमान क्लिओटिस उभे राहून बुटानं ताल धरायचे.

क्लिओटिस गेले, आणि पुढच्याच थंडीत त्या एकट्या पुलावर गेल्या. एकटं म्हटलेलं गाणं लांबत गेलं. इतकं लांबलं, की त्या वेळात आमच्या चहाच्या किटलीतसुद्धा बर्फ झाला असता. मागच्या वर्षीची फुकटची सुट्टी ती हीच.

यंदा जानेवारीत, मंगळवारी, आभाळ अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यासारखं झालं. आवाज लांबून आल्यासारखे यायला लागले. चौदा नंबरमधली अर्धी पोरं रात्री पायजमा उलटा घालून आणि उशीखाली चमचा ठेवून झोपली होती. असं केलं की बर्फ येतो. वर्गात कुणाचंच फळ्याकडे लक्ष नव्हतं. सगळ्यांची तोंडं खिडकीकडे, कुणी हाक मारल्यासारखी.

दहा वाजता स्ट्राउड साहेब, म्हणजे आमच्या शाळांचे मुख्य, ऑफिसात आले.

"मिस ओझेला, फोनवर चौतीस फॅरनहाइट दाखवतंय. गोठायला अजून दोन अंश आहेत."

"तुमचा फोन पुलावर झोपतो का, साहेब?"

"तुमच्या समाधानासाठी जाऊन या. पण यंदा चुकलात, तर बरणी कायमची घरी ठेवायची. शाळा मंडळाला मी दोनदा तोंड दाखवू शकत नाही."

त्यांनी बरणी उचलली. मला म्हणाल्या, "चल बाळा, गाडी काढ. आणि खिडकी बंद ठेव."

पुलावर वारा नव्हता. ओढा खाली इतका हळू वाहत होता, की त्यालाच झोप लागल्यासारखी वाटत होती. त्यांनी पाणी ओतलं आणि गाणं सुरू केलं. पण काय ते गाणं! लोक हसतील या धास्तीनं त्यांनी चार कडवी अशी पळवली, की देवालाही दम लागला असेल. संपलं. पाणी पाण्यासारखंच.

"झालं," त्या म्हणाल्या. "शाळा चालू दे."

पण त्या हलल्या नाहीत. पाण्याकडे बघत राहिल्या.

"मिस ओझेला, गाणं म्हणत होतात की बस पकडत होतात?"

"जास्त बोलू नकोस." मग हळूच म्हणाल्या, "ही क्लिओटिसची चाल नव्हे रे."

चाल मला माहीत होती. क्लिओटिस बसच्या पुढच्या बाकावर बसून शाळेपर्यंत पाय आपटत यायचे. खिडकी नसलेल्या पोराला दुसरं ऐकायला काय होतं? मी बूट आपटायला लागलो. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, बरणीतलं उरलेलं पाणी शेजारी ओतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पळणं नाही, रेंगाळणं नाही. तिसऱ्या कडव्यात पाण्याच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी उमटलं. चौथ्याच्या मध्यावर पाण्यावर साय धरली.

त्यांनी माझा फोन घेतला. "स्ट्राउड साहेब, पोरं घरी सोडा. आत्ताच. ताल या पोराच्या बुटांचा होता, पण हसायचं ते माझ्यावर हसा."

मग साहेब म्हणाले, "बरं."

एक वाजेपर्यंत शेवटचं पोर घरी पोचलं. आणि सव्वाला, मी खोटं सांगत नाही, ऊन पडलं. ऑफिसातला फोन वाजायला लागला. "पुन्हा ब्रेड तळायचा का?" असं तिघांनी विचारलं. मिस ओझेला रिकाम्या बसमध्ये हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. टपावर त्यांनी एक मोठं भांडं ठेवलं होतं, बर्फ झेलायला. भांड्यात ऊन साठत होतं.

अडीच वाजता ऊन निघून गेलं, कुणी दार ओढून घेतल्यासारखं. आणि मग बर्फ आला. आवाज नाही, घाई नाही. पार्किंग, कुंपण, टेकडीवरची पाण्याची टाकी, सगळं हळूहळू कुणाच्या तरी आठवणीतलं वाटायला लागलं.

तीनला, एरवी सहा बस पुलावर असतात त्या वेळी, पुलावर एकच गाडी होती. ती पुलाच्या मधोमध गेली, सावकाश घसरत आडवी फिरली आणि तशीच उभी राहिली. त्यातून स्ट्राउड साहेब उतरले आणि कठडा धरून, चांगल्या बुटांत, चालत शाळेपर्यंत आले. टोपीवर बोटभर बर्फ.

मिस ओझेलांनी भांडं खाली घेतलं होतं. बर्फात दूध, साखर आणि व्हॅनिला कालवून त्यांनी एक वाटी साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी खाल्लं. चमचा चाटून विचारलं, "बरणी कुठाय?"

"गाडीत. घरी न्यायची ना?"

"छे. इथं कपाटात राहू दे," साहेब म्हणाले, आणि माझ्याकडे बोट केलं. "आणि याचे बूटही."