रेवाचा स्टे

हे मी प्रकाशलाही सांगितलेलं नाही, आणि प्रकाश माझा नवरा आहे. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा एवढं सोडून बाकीचं सगळं बोलते. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका — मलाच धड ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल कदाचित.

डहाणूजवळ, समुद्राकाठच्या चिखल्याला आमची चिकूची वाडी आहे. लग्न होऊन मी इथे आले, मूल झालं नाही, आणि ते कारण म्हणून पुढे करायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे. एवढंच सांगते की चाळिशी उलटेपर्यंत माझ्या कुठल्याही कामाला कुणी टाळी वाजवली नव्हती. मग रेवा आली.

रेवा म्हणजे आमची जर्मन शेफर्ड. वापीच्या ओळखीतल्या एकांकडून आणली तेव्हा दोन महिन्यांची होती. त्यांनीच सांगितलं, “ही हुशार आहे, हिला शोमध्ये उतरवा.” मी हसले होते. पण वर्षभरात मी वलसाडच्या एका मैदानात, दंडावर नंबर लावून, तिचा पट्टा हातात धरून उभी होते.

डॉग शोमध्ये कुत्र्याचं रूप बघतात तसं आज्ञापालनही बघतात. मला गोडी लागली ती आज्ञापालनाची. ‘हील’ म्हटलं की डाव्या पायाला चिकटून चालायचं. जज येऊन अंगावरून, दातांवरून हात फिरवतो, तेव्हा शांत उभं राहायचं — तिथे नुसतं गुरगुरलं तरी बाद. चावलं तर पुन्हा रिंगमध्ये पाय ठेवायचा नाही. आणि सगळ्यात कठीण म्हणजे ‘स्टे’. कुत्र्याला बसवून मालकानं दिसेनासं व्हायचं. काहीही होवो, मालक येईपर्यंत कुत्र्यानं जागा सोडायची नाही.

ओहोटीच्या वेळी मी तिला समुद्रावर न्यायची. घट्ट ओल्या वाळूत तिला बसवायची, “स्टे” म्हणायची आणि सुरूच्या बनात शिरून झाडामागून बघत राहायची. एवढ्या मोठ्या रिकाम्या किनाऱ्यावर ती एकटी, मी गेले त्या दिशेला तोंड करून. फिरायला आलेले लोक थांबायचे. “काय शिकवलंय हो तुम्ही!” म्हणायचे. मला ते पुन्हा पुन्हा ऐकायला हवं असायचं.

ती वाईट नव्हती, हे मला लिहायला हवं. ती माझ्या पायांशी झोपायची. मला ताप आला की अन्नाला तोंड लावायची नाही. पण तिच्यात काहीतरी बदलत होतं आणि ते फक्त मला दिसत होतं. नाशिकच्या शोमध्ये एक वयस्कर जज लंगडत तिच्याकडे आले, तेव्हा तिचा वरचा ओठ किंचित उचलला गेला. किंचितच. मी तिचं तोंड सरळ करतेय असं दाखवून त्यावर हात ठेवला. जजना दिसलं नाही. आम्ही त्या दिवशी पहिल्या आलो.

घरी आप्पा होते, माझे सासरे. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नुसते तुटक आवाज निघायचे. डाव्या हातानं वॉकर ढकलत, उजवा पाय फरपटत ते ओट्यापर्यंत यायचे. तो वॉकर फरशीवर खरडला की रेवाचे कान मागे जायचे. मी बघत होते. रोज बघत होते. कुणाला सांगितलं असतं तर प्रकाश म्हणाला असता, बांधून ठेव, बंद कर ते शो. ती चॅम्पियन ठरायला एकच प्रमाणपत्र राहिलं होतं आणि तो शो दहा दिवसांवर आला होता.

आता लखमीबद्दल सांगायला हवं. लखमी झरी गावची. भात कापून झालं की ती आणि तिचा नवरा आमच्या वाडीत कामाला यायचे आणि पावसापर्यंत विहिरीजवळच्या खोलीत राहायचे. बारा वर्षं येत होते. त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्रा यायचा, काळ्या. एक कान फाटलेला, बारीक, चपळ. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. वानरांची टोळी चिकूवर उतरली की तो एकटा ती वाडीबाहेर घालवायचा. लखमीची हाक ऐकली की कुठूनही धावत यायचा. रेवाला रिंगमध्ये हाकेसरशी यायला शिकवायला मला वर्ष लागलं होतं.

त्या दुपारी प्रकाश वाडीत होता. मी रेवाला ओट्यावर बसवलं, “स्टे” म्हटलं आणि गोठ्यामागे गेले. मोबाइलवर वेळ लावली. आप्पा आत जागे आहेत हे मला माहीत होतं. ते बाहेर येऊ शकतात हेही माहीत होतं. मग मी ओट्यावरच का बसवलं? खरं सांगू? मला बघायचं होतं. ते आले तर ती जागा सोडते का, ते.

वॉकर खरडल्याचा आवाज आला. मी गेले नाही. मोबाइलकडे बघत राहिले. मग काहीतरी पडल्याचा आवाज आणि आप्पांची किंकाळी — शब्द नसलेली.

धावत आले तेव्हा आप्पा खाली पडले होते. तोल जाताना त्यांनी आधाराला हात टाकला असणार, तो रेवाच्या पाठीवर पडला असणार. त्यांचा डावा हात, एकच चालता हात, मनगटापासून कोपरापर्यंत फाटला होता. आणि रेवा? रेवा तिथेच बसली होती. जिथे बसवलं होतं तिथेच, गोठ्याकडे तोंड करून, माझी वाट बघत. तिनं स्टे मोडला नव्हता.

माझ्या मनात पहिला विचार कुठला आला, ते मी आता लिहिलंच आहे.

मी ओढणीनं आधी तिचं तोंड पुसलं. मग आप्पांकडे वळले. क्रम हाच होता. तो मला बदलता येत नाही.

किंकाळी ऐकून काळ्या भुंकत आला आणि ओट्यासमोर उभा राहिला. त्याच्यामागून प्रकाश, शेजारच्या वाडीतले दोघे, आणि डोक्यावरची टोपली टाकून लखमी. प्रकाश ओरडला, “काय झालं? कोण चावलं?”

मी म्हणाले, “काळ्या.”

एवढाच शब्द. तोवर विचार केला नव्हता, असं म्हणायचा मोह होतो. पण ओढणी मी आधीच चुरगाळून हातात लपवली होती. तेव्हा विचार झालेला होता.

लखमी पुढे आली. “माझा काळ्या माणसाला चावत नाय, बाय. पिल्लू होता तवापासनं तुमच्या डोळ्यासमोर हाय. तुम्ही बघितलं?”

“हो. बघितलं.”

“तुमच्या डोळ्यांनी?”

“लखमे, मी इथेच होते!”

खाली आप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. “रे... रे...”

“अरे अरे करतायत,” प्रकाश म्हणाला. “दुखतंय त्यांना. गाडी काढतो.”

तो अर्धा शब्द कुठल्या नावाचा आहे ते तिथे दोघांनाच कळत होतं. एकाला बोलता येत नव्हतं. दुसरी मी.

गाडी शेवटी शेजाऱ्यांनी चालवली, मी आप्पांना धरून मागे बसले. प्रकाश थांबला — काळ्याचं बघायला. डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली आणि विचारलं, “कुत्रा ओळखीचा आहे ना? मग मारू नका त्याला. दहा दिवस बांधून लक्ष ठेवा. ठीक राहिला तर पुढची काही इंजेक्शनं वाचतील.” मी मान हलवली. फोन माझ्या हातात होता. प्रकाशचं नाव समोर होतं. एक बटण दाबायचं होतं. मी केसपेपरवर आप्पांचं वय लिहिलं, पत्ता लिहिला, औषधांची चिठ्ठी घेतली, आणि फोन पर्समध्ये टाकला. काळ्या जिवंत राहिला असता तर रोज लखमीसमोर जावं लागलं असतं, म्हणून? बहुतेक म्हणूनच.

घरी आलो तेव्हा ओटा धुतलेला होता. विहिरीपाशी ताजी माती उकरलेली दिसली. मी काही विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

कुत्राच उरला नाही, मग सगळी इंजेक्शनं घ्यावी लागली. रेवाची लस वेळच्या वेळी झालेली होती. त्यातली पुढची इंजेक्शनं लागणारच नव्हती, हे फक्त मला माहीत होतं. आप्पांना दोघांनी उचलून गाडीत घालायचं, उतरवायचं, रांगेत बसवायचं. सुई जवळ आली की ते माझ्याकडे बघायचे. हात बांधलेला, म्हणून जेवण भरवायचं कामही माझ्याकडे आलं. रोज दोन वेळा मी त्यांच्यासमोर बसायची, भात कालवून घास पुढे करायची. पहिले काही दिवस ते तोंड उघडायचे नाहीत. “आप्पा हट्टी झालेत,” प्रकाश म्हणायचा. मग भुकेनं उघडायला लागले.

आठ दिवसांतच लखमी आणि तिचा नवरा झरीला निघून गेले. हंगाम अर्धा राहिला होता. तिनं जाताना माझा निरोप घेतला, पण वर बघितलं नाही. मला वाटलं, तिला कळलंय. तुम्हाला सांगते, त्या वाटण्यानं माझी झोप उडाली. तिच्या काळ्याच्या आठवणीनं नाही उडाली, ह्या भीतीनं उडाली.

आणि मी शोला गेले. हो, गेले. पुण्याला. इतकं सगळं करून गेले नसते तर ते कशासाठी केलं होतं? जजनं रेवाच्या अंगावरून हात फिरवला तेव्हा मी तिच्या ओठाकडे बघत होते. ती दगडासारखी उभी राहिली. स्टेच्या वेळी मी पडद्यामागे गेले आणि तिथे उभं राहून मला किंकाळी ऐकू येईल असं वाटत राहिलं. काहीच ऐकू आलं नाही. परत आले तर ती जागेवर होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या.

प्रकाशनं हौसेनं त्या प्रमाणपत्राला फ्रेम केली आणि आप्पांच्या खोलीत लावली, त्यांच्या पलंगासमोर. “त्यांनाही बरं वाटेल,” म्हणाला. आप्पांनी त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून झोपायला सुरुवात केली. मी फ्रेम काढली नाही. काढली असती तर कारण सांगावं लागलं असतं. दीड वर्षानं ते गेले, ते तसेच, भिंतीकडे वळलेले.

रेवा त्यानंतर सहा वर्षं जगली. मी तिला पुन्हा कुठल्याही शोला नेलं नाही आणि कुणाला हातही लावू दिला नाही. लोक म्हणायचे, किती जपतात. गेल्या वर्षी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेली. मी तिच्यासाठी खूप रडले. आप्पांसाठी रडले होते त्यापेक्षा जास्त.

तिच्यानंतर महिन्याभरानं मी स्कूटर काढली आणि झरीला गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते. विचारत विचारत घर सापडलं. लखमी अंगणात नाचणी वाळवत होती. केस पांढरे झाले होते. मला बघून ती आधी गोंधळली, मग पदर सावरत धावत आली, सुनेला चहा टाकायला सांगितला, माझ्यासाठी खाट ओढली.

मी तोंड उघडायच्या आत ती बोलायला लागली.

“आप्पांचं समजलं होतं, बाय. यायला पायजे होतं मला. पन तोंड नव्हतं. माझ्या कुत्र्यानं त्यांचा हात फोडला, मी कुठल्या तोंडानं येनार?”

मी म्हणाले, “लखमी, ऐक —”

“मंग दुसरा कुत्रा नाय पाळला मी. सून बोलते, घराला राखण हवी. मी नाय बोलते. काय भरवसा जनावराचा?” ती नाचणीत हात फिरवत राहिली. “त्या दिवशी तो कुनाला जवळ येऊ देत नव्हता. समद्यांच्या हातात काठ्या ना. प्रकाशशेठ मला बोलले, तूच बांध त्याला. मी हाक मारली, तर शेपूट हलवत आला. मीच दोरी बांधली, बाय. एकदा वाटलं, सोडून द्यावा, पळून जाऊ दे. पन तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघितलं बोललात. तुम्ही कशाला खोटं बोलाल?”

सुनेनं कोरा चहा आणून दिला. मी तो प्यायले. आत्ता सांगते, चहा संपला की सांगते — असं म्हणत प्यायले.

“मनात काय ठेवू नका, बाय,” लखमी म्हणाली. “आमच्याकडून चूक झाली.”

मी कप खाली ठेवला. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “झालं गेलं, लखमे. माझ्या मनात काही नाही.”

तिचे डोळे भरून आले. तिनं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. निघताना स्कूटरला नाचणीची पिशवी अडकवली, आणि मी वळणाआड जाईपर्यंत रस्त्यात उभी राहिली.

मी तिला माफ करून घरी आले.